दोन हाकांचं घर

"तिथं कोण ऱ्हात न्हाई."

आवाज इतका मऊ होता की नेत्राला आधी वाटलं, आपल्याच मनात कुणीतरी बोललं. खिडकीच्या गजांना टेकवलेलं कपाळ तिने झटकन मागे घेतलं आणि वळून पाहिलं. घराच्या बाजूला, फणसाखाली एक तरुण उभा होता. अंगात खाकी सदरा, हातात काठी, आणि चेहऱ्यावर पकडलं गेल्याचा संकोच. परक्याच्या घरात डोकावत होती ती, आणि लाजत होता तो!

"ऱ्हात न्हाई म्हणूनच बघतेय," ती म्हणाली. "भाड्यानं मिळतंय काय?"

"मिळतंय की. शंकरअण्णांचं हाय. भाडं बी कमी..." तो अडखळला. "लई कमी."

"ते का म्हणून?"

"माणसं टिकत न्हाईत. महिना-दोन महिने ऱ्हातात, मग सामान उचलून जातात. का जातात, कुणास ठाऊक. मी तर रोज इकडनं जातो, मला कधी काय दिसलं न्हाई."

"तुमालाच बघून पळत असतील," नेत्रा म्हणाली, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या पाहून तिला गंमत वाटली. तो परशू. बाजारकुणंगच्या रानातला, जंगलखात्यात रोजंदारीवर वॉचर. एवढं सांगायलाही त्याने चार वेळा काठी या हातातून त्या हातात घेतली.

नेत्राने पाहिलेलं हे अकरावं घर होतं. मडगावात तिने वर्षभर नोकरी केली होती, पण तिथे खोलीचं भाडं दिलं की उरलेल्या पगारात नुसतं पाणी पिऊन जगावं लागलं असतं. म्हणून ती रामनगरला आली, एका मेडिकल दुकानात लागली, आईला घेऊन एका खोलीत राहिली. आणि मग रामनगरलाही शहराचे वारे लागले. रस्त्याच्या कामावरचे साहेब आले, पर्यटक आले, आणि गोठासुद्धा रंगवून 'होमस्टे' झाला. घरमालकाने महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली होती. घर मिळालं नाही तर नोकरी सोडून खानापूरकडे मामाच्या दारात जाऊन बसायचं, आणि तो म्हणेल त्या मुलाच्या गळ्यात माळ घालायची. तो मुलगा मामाने आधीच ठरवून ठेवला होता, हेही तिला ठाऊक होतं.

शंकरअण्णांनी भाडं सांगितलं दीड हजार. अनामत नाही. नेत्राला आनंदापेक्षा धसकाच बसला.

"एवढंच?"

"एवढंच," ते नजर चुकवत म्हणाले. "फकस्त दिवेलागणीला दार लावून घेत जावा, पोरी."

पहिल्याच संध्याकाळी त्याचा अर्थ कळला. माघाचे दिवस, सागाची पानगळ सुरू झालेली. नेत्राने देवापुढे दिवा लावला आणि मागच्या ओढ्यापलीकडून, रानाच्या काळोख्या कडेवरून हाक आली.

"घरात हाय काय कोणऽऽ?"

लांबलचक, खोल आवाज, विहिरीतून आल्यासारखा. नेत्रा ओ देणार, तोच आईने, अनुसयाबाईंनी, तिचं मनगट घट्ट धरलं.

"गप! तीन हाका होऊ देत. माणूस असलं तर तिसरी हाक मारतंय. ते मारत न्हाई."

दुसरी हाक आली. दोघी श्वास रोखून थांबल्या. समईची वात तडतडली, वाळकी पानं करकरली... तिसरी हाक आलीच नाही. नेत्राने फटीतून पाहिलं. ओढ्यापलीकडे कुणीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. दोन हाका, की शांतता. आई अंगारे लावून थकली. पण नेत्राने मनाशी ठरवलं होतं, भुताच्या दोन हाका परवडल्या, मामाची एक नको.

दिवसा मात्र दुकानात परशू यायचा. आठवड्यातून तीनदा डोकेदुखीचा बाम न्यायचा.

"डोकं तुमचं एकट्याचं हाय का अख्ख्या गावाचं?" नेत्राने एकदा बाटली पुढे करत विचारलं.

तो हसला नाही. काउंटरच्या काचेवर बोटाने रेघ ओढत राहिला. "एक विचारू? माझा राग आलाय काय तुमाला?"

"मला? कशाचा?"

"रोज हाक मारतो... तुमी ओ देत न्हाई."

बामची बाटली नेत्राच्या हातातच राहिली.

मग सगळं उलगडलं. गवे पाण्यावर उतरले की कडेच्या घराला सावध करायचं, हे त्याचं कामच होतं. ओढ्यापलीकडून, तोंडाला हाताचा द्रोण करून दोनदा हाक मारायची. कुणी ओ दिली तर गव्यांचं सांगायचं, नाहीतर पायवाटेने जंगलखात्याच्या कॅम्पकडे निघून जायचं. आधीच्या भाडेकरूंनाही तो अशाच हाका मारत आला होता!

"अवो, पण तिसरी हाक का मारत न्हाई?"

"तिसरी?" त्याचा चेहरा उतरला. "आमच्यात तिसरी हाक मयताचा सांगावा द्यायला मारतात. जित्या माणसाच्या दारात कशी मारू? जीभ झडंल माझी."

नेत्रा आधी त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग अशी हसत सुटली की तिला स्टुलावर बसावं लागलं. तिच्याकडे तिसरी हाक झाल्याशिवाय माणूस खरा नाही, आणि त्याच्याकडे तिसरी हाक मारतो तो माणूस नाही! दोघांच्या रिवाजांच्या मधोमध एक चांगलं घर ओस पडलं होतं. तोही हसला. हसताना तो फार देखणा दिसतो, हे नेत्राच्या तेव्हाच ध्यानात आलं.

मग तिचं हसू एकदम थांबलं. "परशू... हे कुणाला सांगू नका. भूत न्हाई असं अण्णांना कळलं, तर उद्याच भाडं सहा हजार."

"मग?"

"तुमी हाक मारत ऱ्हावा. मी ओ देणार न्हाई."

"म्हणजे..." त्याने डोळे वर केले, पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं. "ओ न देणारीला रोज हाक मारायची?"

"जमंल?"

"जमंल," तो म्हणाला. इतक्या घाईने, की बामची बाटली काउंटरवरच विसरून गेला.

त्या दिवसापासून तिन्हीसांजेला नेत्रा दाराआड उभी राहू लागली. तीच हाक, तोच विहिरीतला आवाज, पण आता अंगावर काटा यायचा तो वेगळ्याच कारणाने. ओठ घट्ट मिटून ती आतल्या आत म्हणायची, हाय... मी हाय. आईला तिने काही सांगितलं नाही. आईच्या कानी घातलेली गोष्ट आठवडी बाजारात पोचायला फार वेळ लागत नसे.

आणि मग एके दिवशी शंकरअण्णा दुकानात आले. "रस्त्याच्या कामावरचे एक साहेब घर मागतायत. भुताबितावर इश्वास न्हाई त्यांचा. शुक्रवारी येऊन दिवेलागणीपतोर बसतो म्हणाले. हाक आली न्हाई तर घर त्यांचं. माझा बी इलाज न्हाई, पोरी."

नेत्राने परशूला फोन लावला. लागेना. तेव्हा तिला आठवलं, तो बुधवारीच उळवीच्या जत्रेच्या बंदोबस्ताला गेला होता, आणि तिथे फोनला रेंज नसते. साहेबांचं ऐकून घेतल्यावर आईसुद्धा नवस फेडायला उळवीलाच गेली. परशू निघताना म्हणाला होता, "चार दिस हाक न्हाई यायची. घाबरू नका." नेमके तेच चार दिवस!

शुक्रवारी साहेब आले, ओसरीवर बसून चहा प्याले. शंकरअण्णा अंगण आणि आभाळ आळीपाळीने बघत होते. ऊन फणसावरून उतरलं. ओढ्यावर धुकं धरलं. नेत्राने दिवा लावला. ओढ्यापलीकडे काही म्हणजे काही हललं नाही.

साहेब घड्याळ बघून हसले. "झालं का तुमचं भूत? सोमवारी सामान आणतो." ते उठले, आणि बुटात पाय घालता घालता थांबले.

"घरात हाय काय कोणऽऽ?"

ओढ्यापलीकडून नाही. अगदी जवळून, फणसाखालून. पण फणसाखाली कुणी नव्हतं.

नेत्राच्या काळजाने उडी मारली. आला! एवढ्या लांबून, माझ्यासाठी आला! दुसरी हाक झाली तेव्हा साहेबांचा एक बूट पायात आणि एक हातात होता. शंकरअण्णा त्यांच्याही पुढे होते. जीप वळणाआड गेली, धुरळा खाली बसला. नेत्रा डोळे पुसत, हसत फणसाकडच्या मागच्या दारात आली. परशूचं नाव ओठांवर आलं होतं.

"घरात... हाय काय... कोण?"

तिसरी.

ती उंबऱ्यावरच थबकली. परशू जीभ झडली तरी तिसरी हाक मारणार नव्हता. फणसाखालची पानं करकरली, एक पाऊल, आणखी एक पाऊल, पण पानांवर कुणाचे पाय दिसत नव्हते. नेत्राने दोन्ही दारं लोटली, अडसर घातले आणि मागच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेर सारं गप्प झालं. रातकिडेसुद्धा.

किती वेळ गेला कोण जाणे. समईत अजून तेल होतं. पुढच्या दारावर टकटक झाली.

"मी. परशू."

ती पुढच्या दाराशी आली, पण अडसराला हात लावला नाही.

"जत्रेच्या ट्रकमधनं आलो. आत्ताच नाक्यावर उतरलो. तुमच्या आईनं जत्रेत सांगितलं, कोण साहेब घर बघायला येणार म्हणून... झाला काय उशीर?"

"मघाशी हाक तू मारलीस?" ती दाराआडून म्हणाली.

"मी? न्हाई. किती हाका झाल्या?"

"तीन."

बाहेरची पावलं एक पायरी मागे सरकली. मग तो हळूच म्हणाला, "दार उघडू नका."

"का?"

"मी बी तेच असंन तर? तुमी कशावरनं ओळखणार?"

नेत्राला भीतीतही हसू आलं. "मग तूच सांग. परशूच हाईस कशावरून?"

"मी... म्हंजे..." काठी या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला. "तो बाम... माझं डोकं कधी दुखलंच न्हाई. अकरा बाटल्या हाईत घरात. मला... तुमाला बघायचं असायचं. आणि रोज हाक मारून जाताना वाटायचं, एकदा... एकदाच ओ द्यावी हिनं. भाडं वाढलं तर वाढू दे, मी डबल ड्युटी करीन. आता हे... हे कसं सांगायचं असतं ते मला येत न्हाई, नेत्रा. पण मला तू..."

वाक्य पुढे जाईना. दोनदा घसा खाकरला, पण वाक्य जागचं हललं नाही. कुठलंही भूत प्रेमाची गोष्ट सांगताना एवढं घाबरणार नाही, याची नेत्राला खात्री पटली.

तिने अडसर काढला.

तो दारात तसाच उभा राहिला. कपाळावर जत्रेची विभूती, केसांत ट्रकची धूळ. "आई घरात न्हाई तुझी," तो म्हणाला. "मी ओसरीवरच बसतो. लोक काय म्हणतील?"

"लोक ह्या घराकडं फिरकत न्हाईत," नेत्रा म्हणाली. "म्हणून तर मला परवडतंय."

तो हसला. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे गेली आणि हसू विरलं. "हितं खरंच काय तरी हाय, नेत्रा. सोडशील हे घर?"

"सोडून जाऊ कुठं? मामाकडं?" ती म्हणाली. "मला भीती वाटतेय, परशू. लई वाटतेय. पण जायला दुसरी जागा न्हाई मला. आणि आता... जायचं बी न्हाई."

"मग आई आली की मी रीतीनं मागणं घालतो," तो म्हणाला. "ह्या घरात तिघं ऱ्हाऊ. चालंल?"

नेत्रा पुढे झाली. तिने त्याचं मनगट धरलं. हात ऊबदार होता. तो तसाच धरून तिने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं.