टोप्यांच्या घुमटाखालचा बाण

"सराफांच्या घुमटापासून सोनारांच्या घुमटापर्यंत शर्यत! हरेल त्याने आइस्क्रीम द्यायचं!" सियोवुश ओरडला आणि पळत सुटला.

मागून धावणारी त्याची ताई मेहरंगीज मात्र वाटेत टोप्यांच्या घुमटाखाली थबकली. बुखाऱ्याच्या जुन्या बाजारात चौकाचौकांवर असे घुमट आहेत; या घुमटाखाली पाच गल्ल्या येऊन मिळतात. त्यातल्याच एका गल्लीत म्हाताऱ्या ओयसानम बीबीचं भरतकामाच्या टोप्यांचं दुकान होतं. सुट्टी लागली की ही भावंडं तिथेच पडीक असायची. आज बीबी टोप्या गाठोड्यात बांधत होती.

"बीबी, हे काय?"

"दुकान बंद करतेय गं. आठवडाभर एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. हाताला पूर्वीची सफाई राहिली नाही, दुसरं काय!" बीबी हसली, पण तिचे डोळे भरून आले होते.

मेहरंगीजने एक टोपी उचलून न्याहाळली. इतक्या सुबक टोप्या, आणि गिऱ्हाईक नाही? ती घुमटाखाली जाऊन उभी राहिली. शर्यत अर्धवट टाकून सियोवुशही परतला. येणारे पर्यटक तिथे लावलेल्या दिशा दाखवणाऱ्या नव्या फलकाकडे बघत, न्हाणीघराच्या भलत्याच गल्लीत शिरत आणि वैतागून परत येत.

"ताई, टोप्यांचा बाण हमामाच्या गल्लीकडे वळलाय!"

फलक लावून घेणारे बाजाराचे अधिकारी मुरोदसाहेब नुकतेच ताश्कंदहून बदलून आले होते. ते जवळच्या हौदाकाठी चहा पीत बसले होते; मुलांनी तिथे जाऊन त्यांना बाणाचं सांगितलं.

"फलक चुकीचा? छट्! माझ्या माणसांनी लावलाय. जा, खेळा!"

सियोवुश तोंड उघडणार, तोच मेहरंगीजने त्याला चिमटा काढला.

"बरं काका! पण ऊन केवढं आहे! बीबीच्या दुकानात तुम्हाला शोभेल अशी टोपी आहे. बाण बघत बघत या, आम्ही तिथेच थांबतो."

बऱ्याच वेळाने साहेब उगवले. सदऱ्याला लाकडाचा भुसा, टकलावर कोळिष्टक!

"अरे, मी थेट हमामाच्या वखारीत पोचलो!"

"बाणाच्याच मागे गेलात ना, काका?" सियोवुशने भोळेपणाने विचारलं.

साहेबांची नजर त्या गाठोड्यावर गेली. "बंद करताय?" त्यांनी हळूच विचारलं. बीबीने होकारार्थी मान हलवली. साहेब शरमेने लालबुंद झाले. शिडी मागवून ते स्वतः वर चढले आणि त्यांनी फलक बीबीच्या गल्लीकडे वळवला.

दुपार कलण्याआधीच दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. गाठोडं कधीच सुटलं होतं.

"शाबास पोरांनो! मला चालायला लावलंत म्हणून कळलं," साहेब म्हणाले.

बीबीने मेहरंगीजला जवळ ओढलं, तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि ती तिच्या कानात कुजबुजली, "म्हणजे माझ्या हातांचं काही बिघडलं नव्हतं तर!"