थोरलीला आलेला निरोप

“हिचं नाव?” मधपेटीवर हात ठेवून समिधानं विचारलं.

“थोरली,” हर्षदा म्हणाली. “तुमाला म्हाईत न्हाई व्हय, वन्सं? सासरी गेलात आन् माहेर इसरलात जणू!”

“मला माहितीये गं वहिनी. या यंत्राला माहीत नाही.”

यंत्र म्हणजे नोंदक. मधपेटीतल्या एका चौकटीत बसवलेला, पापडासारखा पातळ पडदा. माश्यांनी त्याच्यावर मेण चढवून तो केव्हाच आपलासा करून टाकला होता. पेटीतली ऊब, ओल आणि माश्यांची थरथर तो टिपून ठेवायचा. एवढंच नाही, तर पेटी एका जागेवरून दुसरीकडे नेताना माश्या बिथरू नयेत म्हणून त्यांचीच गुणगुण त्यांना परत ऐकवायची सोयही त्यात होती. म्हणजे पडदा ऐकायचाही आणि थरथरायचाही. आजवर या नोंदी वाचायला प्रत्येक पेटी उघडावी लागायची आणि हर्षदाचे हात सुजायचे. आता कड्यावर मनोरा उभा राहिला होता, आणि खोऱ्याखोऱ्यांतल्या सगळ्या नोंदकांना एका बिनतारी जाळ्यात जोडायचं काम समिधा करत होती. ती साताऱ्यात मोजमापाची यंत्रं बसवायची, पण उंबरमाचीचं काम तिनं मुद्दाम मागून घेतलं होतं. माहेरपणाला याहून चांगलं निमित्त कुठलं?

बटण दाबून धरायचं, निळा दिवा लुकलुकला की नाव द्यायचं, दिवा स्थिर झाला की पेटी जाळ्यात आली. समिधानं ‘थोरली’ असं टाइप केलं. तिच्या सासरच्या, कुसगावच्या पेटीचं नावही थोरलीच होतं. उंबरमाचीची रीतच तशी. लेकीच्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर एक मधपेटीही द्यायची, घरच्या पेटीतल्या थोड्या माश्या वेगळ्या काढून फोडलेली. घरी राहणाऱ्या पेट्यांना वेगवेगळी नावं, पण सासरी गेलेली पेटी मात्र मूळ पेटीचंच नाव लावते. समिधाची पेटी दोन डोंगरांपलीकडे गेली तरी थोरलीच राहिली, आणि गेल्या महिन्यात तिच्यातला नोंदकही तिनं याच नावानं याच जाळ्यात जोडला होता. एका नावाची दोन यंत्रं जोडू नयेत हे ती इतरांना शिकवायची. पण माहेरच्या पेटीला दुसरं नाव द्यायचं हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

“झालं! आता घरात चहा पीत पीत पेट्यांची नाडी बघ,” असं म्हणत तिनं हर्षदाच्या फोनवर आकडे उघडून दाखवले.

हर्षदाला त्या आकड्यांचं कौतुक वाटलं, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी यंदा फुलायची होती. ती फुलली की अख्खा डोंगर जांभळा व्हायचा आणि पेट्या मधानं जड व्हायच्या. पण ऋतूंची घडीच विसकटलेली. भाद्रपद सरत आला तरी उंबरमाचीची कारवी नुसती हिरवीगार उभी. पेट्यांतली ही सातेरी माशी मोठी मानी. घरात काही उरलं नाही की ती पेटी सोडून सरळ चालू पडते. काही पेट्या तशा रिकाम्या झाल्याच होत्या. हर्षदानं साखरेचा पाक ठेवून पाहिला, पण पाकावर मोठ्या माश्या तग धरतात, पिल्लांना फुलांचे परागच लागतात. थोरलीनंही दोन दिवसांपासून पिल्लं वाढवायचं थांबवलं होतं. ही निघून जाण्याची तयारी असते, हे हर्षदाला पक्कं ठाऊक होतं. बाकीच्या सगळ्या पेट्या थोरलीतून फोडलेल्या. ती गेली असती तर हर्षदानं इतक्या वर्षांत उभं केलेलं सगळंच गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली आणि हर्षदानं उतारावरून हाक मारली, “वन्सं! पळत या! थोरली उठली!”

समिधा चहाचा कप हातात तसाच घेऊन धावली. तिला वाटलं, माश्या निघाल्या. पण हे वेगळंच होतं. मरगळलेल्या थोरलीच्या तोंडातून माश्यांची धार लागली होती, आणि ती सगळीच्या सगळी एका दिशेनं, आग्नेयेला जात होती. त्या बाजूला काळाकभिन्न उघडा सडा, दगड आणि खुरटं गवत. थोड्या वेळानं माश्या परतल्या त्या रिकाम्या. पेटीत शिरल्या, आणि पुन्हा त्याच दिशेला सुटल्या.

“तिकडं काय हाय म्हणून चाललायसा गं बयांनो?” हर्षदा थेट माश्यांनाच विचारू लागली.

समिधानं फोनवर थोरलीची नोंद उघडली. माश्या फुलांचा पत्ता नाचून सांगतात, हे शाळेतली पोरंही जाणतात. पेटीच्या अंधारात, उभ्या पोळ्यावर माशी थरथरत चालते. सरळ वर चालली तर फुलं सूर्याच्या दिशेला, तिरकी चालली तर तितक्याच कोनात सूर्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे. थरथर जितकी लांब तितकं अंतर जास्त. नोंदीत असे नाच भराभर उमटत होते. पण ते पडद्यानं ऐकलेले नव्हते. ते पडद्यानं केलेले होते.

समिधानं नोंद मागे नेली, पुढे नेली, आणि कपाळावर हात मारला. “वहिनी, मी माती खाल्ली! दोन्ही पेट्यांना एकच नाव दिलं. जाळ्याला वाटलं दोन्ही यंत्रं एकच आहेत. कुसगावच्या पडद्याला जे ऐकू आलं ते त्यानं जसंच्या तसं इथल्या पडद्यावर उमटवलं. तिथे माझ्या घराजवळ कारळ्याची शेतं पिवळीधमक झालीयेत. कुसगावच्या माश्या म्हणतायत, घरापासून आग्नेयेला अर्ध्या कोसावर जा. आणि या इथल्या घरापासून आग्नेयेला अर्धा कोस जातायत!”

आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. ती मटकन खालीच बसली. चहा सांडला.

“वहिनी, यांनी ऐकलं! डोंगरापलीकडच्या पोळ्यातलं बोलणं यांनी ऐकलं, आणि त्यांना ते खरं वाटलं! आजवर प्रयोगशाळेत लोक खोट्या माश्या नाचवत बसले, तेव्हा कुठे चार-दोन माश्या जायच्या. इथे अख्खी पेटी निघालीये!” आनंदानं तिला काय करू अन् काय नको असं झालं होतं. “हे असंच राहू दे. संध्याकाळपर्यंत नोंद घेऊ दे मला.”

“संध्याकाळपर्यंत?” हर्षदाचा आवाज चढला. “उपाशी माणसाला दुसऱ्या गावच्या जेवणावळीचा पत्ता देऊन पळवताय, आन् वर नोंद घेताय? आंगात हुतं तेवढं बळ सड्यावर जाऊन घालवायल्यात त्या. बंद करा आधी!”

समिधाचा चेहरा उतरला. ती फोनकडे वळली. वहिनीचं खरं होतं. आपल्याला जे सापडलंय त्याची किंमत माश्या भरतायत, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

पण हर्षदाच एकदम थांबली. तिच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं.

“वन्सं. तिकडचं सांगता येतंय, तर इथलं न्हाई का सांगता यायचं?”

“इथलं म्हणजे?”

“सरपणाला गेले हुते तवा कड्याच्या खालती घळीत कारवीचं जांभळं दिसलं मला. मूठभरच, पण फुललंय. तिथं पेटी न्यायला वाट न्हाई, आन् माश्यांना वाऱ्यामुळं वास येत न्हाई. त्यांना आपुन सांगू की!”

समिधा ताडकन उठली. दोघींची धांदल उडाली. हर्षदानं पेटीपाशी उभं राहून एक हात घळीकडे लांब केला, दुसरा सूर्याच्या बाजूला, आणि समिधानं दोन्ही हातांमधला कोन फोननं मोजला. अंतर हर्षदानं अंदाजानं सांगितलं, नकाशानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. राहता राहिलं नाव. थोरली या नावानं निरोप गेला असता तर तो कुसगावलाही पोचला असता, आणि तिथे घळीच्या दिशेला होता धरणाचा भलामोठा जलाशय. इथलं खरं तिथे जाऊन माश्यांना बुडवणारं ठरलं असतं.

“नाव बदलायला हवं,” समिधा चाचरत म्हणाली. “पण आपली रीत…”

“रीत काय घिऊन बसलाय! लग्नात माझं न्हाई बदललं? मी मेले का त्यानं?” हर्षदा हसली. “शर्वरी म्हणा हिला.”

समिधाचा अंगठा थबकला. शर्वरी हे हर्षदाचं माहेरचं नाव. दादाच्या लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हा ताट धरून समिधाच तर उभी होती. त्या दिवसानंतर या घरात ते नाव कुणी उच्चारलंच नव्हतं. समिधानं ते नाव टाइप केलं. निळा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला.

मग तिनं निरोप सोडला. अंधाऱ्या पेटीत मेणाखालचा पडदा थरथरू लागला. प्रयोगशाळेबाहेर माणसानं माश्यांना त्यांच्या बोलीत सांगितलेलं ते पहिलं वाक्य असावं: इकडे जा, इथे फुलं आहेत.

काहीच झालं नाही. सड्यावरून दमून आलेल्या माश्या पेटीच्या तोंडाशी नुसत्या बसून राहिल्या. हर्षदा पदराचं टोक चावत उभी होती. मग एक माशी उडाली. हवेत एक गिरकी घेऊन ती कड्याकडे वळली. तिच्यामागे दुसरी. मग झुंबड.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पहिली माशी परतली तेव्हा हर्षदानं जमिनीवर पालथं पडून तिच्या पायांकडे पाहिलं आणि ती किंचाळली, “पराग! वन्सं, पराग आणलाय!” दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रडत होत्या की हसत होत्या, त्यांनाही सांगता आलं नसतं. फोनवर आता नवे नाच उमटत होते, आणि ते पडद्यानं केलेले नव्हते, ऐकलेले होते. माश्या घळीचा पत्ता स्वतः सांगत होत्या. दोन दिवसांत राणीनं पुन्हा अंडी घातली. यंत्रात शर्वरी झालेली थोरली राहिली.

तिसऱ्या दिवशी धाकटी उठली. शेजारचीच पेटी, तिचीही पिल्लं संपलेली. समिधानं तिची नोंद उघडली, तर सगळ्या माश्या एकच पत्ता नाचत होत्या. थरथर इतकी लांब की ती संपतच नव्हती.

“या चालल्या, वहिनी. घर सोडण्याचा नाच आहे हा.” तिनं फोन पुढे केला. “तूच दाब बटण. घळीचा पत्ता दे, थांबतील.”

हर्षदानं अंगठा बटणावर ठेवला. “घळीत आता काय उरलंय? थोरलीलाच पुरंना झालंय.”

“थांबतील तरी.”

“थांबतील. माझ्या शब्दावर उपाशी थांबतील.” ती धाकटीकडे वळली. ही पेटी तिनं स्वतः फोडली होती, हातानं वाढवली होती. एका बटणाचा प्रश्न होता. “त्या कुटं जायचं म्हंतायत?”

समिधानं नकाशावर रेघ ओढली. रेघ वायव्येला गेली, दोन खोरी ओलांडून दाट रानात शिरली. “तिथे गाव नाही, पेटी नाही, आपला एकही नोंदक नाही. काय आहे ते मलाही सांगता येणार नाही.”

“खोटं सांगून ठिवण्यापरीस जाऊ द्या मग,” हर्षदा म्हणाली, आणि तिनं अंगठा उचलला. तिचे डोळे भरून आले होते.

धाकटीची गुणगुण वाढली, आणि बघता बघता सगळी पेटी हवेत उठली. उतारावर सोनेरी-करडा ढग फिरला, वर चढला, वायव्येला वळला. हर्षदानं फोन समिधाच्या हातात कोंबला, पदर खोचला आणि ढगामागे चढणीनं धावत सुटली. काट्याकुट्यांतून समिधा तिच्यामागे.

“वहिनी, थांब! एक विचित्र आहे!” तिनं धापा टाकत ओरडून सांगितलं. “इतक्या लांब जाऊन कुठलीच माशी परत येत नाही. यांच्यातली एकही तिकडे गेलेली नसणार, आणि आपल्या पडद्यानंही हा पत्ता दिलेला नाही!”

हर्षदा माथ्यावर पोचली होती. ढग पलीकडच्या रानावर लहान होत चालला होता. ती वळली. घामानं चिंब, डोळ्यांत पाणी, आणि चेहरा आनंदानं फुललेला.

“मग यांना पत्ता सांगितला कुणी, वन्सं?”