दाहविराम

सोलापूरबाहेरच्या माळावर दाहविज्ञान प्रयोगशाळा आहे. तिथल्या तपासणीच्या खोलीत नलिनी गवंडे बसल्या होत्या आणि त्यांच्या बोटांची हाडं समोरच्या पडद्यावर दिसत होती. सांध्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. संधिवाताच्या नेहमीच्या गोळ्यांनी आता भागणार नाही, हे शिकाऊ डॉक्टरलाही कळलं असतं. डॉ. यामिनी शिरोडकरने ते त्यांना पुन्हा एकदा समजावून सांगितलं. जैविक औषध सुरू करू या, त्याने प्रतिकारशक्ती थोडी उतरते, क्षयासारखा एखादा आजार डोकं वर काढू शकतो, म्हणून रक्त वरचेवर तपासत राहू, पण हात वाचतील. नलिनीताईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बघू की पुढच्या खेपेला," त्या म्हणाल्या. "तसं चालतंय."

चालत काहीच नव्हतं. शेजारी बसलेली त्यांची मुलगी ऋता जन्मापासून बहिरी. मायलेकींचं सगळं बोलणं हातांनी, खुणांच्या भाषेत. ऋताचे वडील गेल्यापासून घरात तिसरं माणूसही नव्हतं. बोटं गेली की आईची वाचाच जाणार होती. आणि एवढं पडद्यावर ढळढळीत दिसत असताना बाई खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होत्या. ऋताने खुणेनेच काहीतरी विचारलं. त्यावर त्यांनी मांडीवरचा हात जेमतेम हलवला. झालं उत्तर.

यामिनी चिडली आणि तडक मेंदूविभागात डॉ. फिरोज मुजावरांकडे गेली. बाई अडाणी नाहीत, हट्टी नाहीत, घाबरलेल्याही नाहीत, मग घोडं अडतंय कुठे, असं तिने त्यांना विचारलं. मुजावर तिच्याहून बरेच मोठे. सगळं चहा ओतता ओतता सांगायची त्यांची सवय होती.

"तुला ताप आला की आमरससुद्धा नको होतो ना? ती काही पोटाची तक्रार नसते. शरीरात कुठे दाह झाला की तिथून बारीक प्रथिनं रक्तातून मेंदूकडे जातात. आपण त्यांना दाहदूत म्हणू. त्यांचा निरोप एकच: पडून राहा, काही मागू नकोस. दोन दिवसांच्या तापात ते बरंच असतं. या बाईंच्या सांध्यांचा ताप वर्षानुवर्षं चाललाय. हे दाहमांद्य आहे. दुखतं ते कळतं, पण त्याचं काही वाटत नाही."

"म्हणजे 'बघू' हे त्यांचं उत्तर नाही?"

"ते रोगाचं उत्तर आहे. तुला हाकलू का, असं तू रोगालाच विचारतेयस."

मुजावरांकडे त्यावर एक तोड होती. दाहविराम नावाचं त्यांचं एक नवं द्रव्य सगळ्या दाहदूतांना एक दिवस कुलूप लावायचं. दुसऱ्यांदा दिलं तर शरीर त्याला ओळखून बाहेर फेकायचं, म्हणून उपचाराला ते कुचकामी. पण माणसाचं मन एक दिवस निर्मळ करून त्याला प्रश्न विचारायला पुरेसं. संस्थेच्या नीतिमंडळाने परवानगी दिली. अट एवढीच, की दाहविराम उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीच जैविक औषध द्यायचं आणि सुई टोचण्याआधी रुग्णाला पुन्हा एकदा विचारायचं. एका दिवसाचाच प्रश्न होता, त्यामुळे नलिनीताई या प्रयोगाला नाही म्हणाल्या नाहीत.

सकाळी दाहविराम दिलं आणि दुपारपर्यंत त्यांच्या बोटांची सूज उतरली. प्रयोगशाळेच्या आवारात मायलेकी बाकावर बसल्या आणि नलिनीताई बोलायला लागल्या. हात खांद्यापासून हलत होते, भुवया वर जात होत्या, शेजारणीची नक्कलसुद्धा करून झाली. ऋता पोट धरून हसत होती. कॅन्टीनमधली माणसं दारात येऊन बघत राहिली. यामिनीला वाटलं, जिंकलो. जैविक औषध सुरू करू या का, असं तिने जाऊन विचारलं.

"कशाला हो?" नलिनीताई हसून म्हणाल्या. त्यांनी दोन्ही मुठी वळून उघडून दाखवल्या. "मला काय झालंय?"

यामिनी मुजावरांच्या खोलीत येऊन बसली. तिला स्वतःच्या हुशारीची लाज वाटली. दाह असला की मनाला काही नको असतं आणि दाह काढून घेतला की त्याला कसली गरजच उरत नाही. दोन्हीकडून उत्तर नाहीच. मुजावरांनी पडद्यावर दोन रेघा काढल्या. मेंदूभोवती एक गाळणी असते. दाहविराम उतरू लागलं की रक्तातले दाहदूत सुटतात; सांध्यांत ते लगेच पोचतात, मेंदूत शिरायला त्यांना वेळ लागतो. म्हणजे संध्याकाळी थोडा काळ असा येणार, की हात दुखत असतील आणि मन अजून जागं असेल.

"तेव्हा विचार," मुजावर म्हणाले.

संध्याकाळी बाकावर नलिनीताईंची गोष्ट चालूच होती. मध्येच एका खुणेला त्यांची बोटं मिटेनात. त्यांनी दुसऱ्यांदा करून पाहिलं. मग हात तसाच हवेत धरून त्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि एकदम रडू लागल्या. किती वर्षांचं रडू होतं कोण जाणे. ऋताने त्यांचे खांदे धरले आणि मग हात सोडवून घेऊन खुणेने काहीतरी म्हटलं. नलिनीताईंनी ते यामिनीला बोलून दाखवलं.

"म्हणते, मला वाटायचं तू माझ्यावर रागावली आहेस. बाबा गेल्यापासून तू माझ्याशी बोलतच नाहीस." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आणि मला वाटायचं, मी बोलतेय. डॉक्टर, ते औषध सुरू करा."

उद्या सकाळी पुन्हा विचारावं लागेल, असं यामिनीने सांगितलं. नलिनीताईंना ते लगेच उमगलं. सुजलेल्या बोटांनी जमेल तसं त्यांनी ऋताला सांगितलं आणि यामिनीला ऐकू यावं म्हणून तोंडानेही म्हटलं, "उद्या मी नको म्हणेन. तेव्हा माझं ऐकू नकोस."

सकाळी त्या पुन्हा पहिल्यासारख्या बसल्या होत्या. कालचं सगळं आठवत होतं, पण शेजारच्या घरातली हकीकत आठवावी तसं. परिचारिकेने सुई भरली. यामिनीने नियमाप्रमाणे विचारलं, आणि नलिनीताई ऋताकडे वळून मांडीवरचा हात हलवू लागल्या. पुढच्या महिन्यात बघू, घाई कसली.

ऋताने डोळे मिटून घेतले.

बहिऱ्या माणसाला ऐकायचं नसलं की तो एवढंच करतो. त्यावर ओरडता येत नाही, समजूत घालता येत नाही. नलिनीताईंचा हात अर्ध्यावर थांबला. तोंडाने नाही म्हणायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. यामिनी समोरच उभी होती आणि त्या नाही म्हणाल्या असत्या तर तिने सुई परत ठेवली असती. त्या ऋताच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बाही वर केली.

"घेते मी," त्या म्हणाल्या. "तिला डोळे उघडायला सांगा."

मुलीवरची माया जिंकली, की वाद घालायचंही त्राण उरलं नव्हतं, हे यामिनीला शेवटपर्यंत कळलं नाही. सुई टोचून झाली. डोळे उघड असं ऋताला सांगायचं कसं, हे खोलीत कुणालाच सुचेना. शेवटी नलिनीताईंनीच तिचा हात ओढून आपल्या उघड्या दंडावर, कापसाच्या बोळ्यावर ठेवला.