सा मास्तरांचा

नांदेडहून लातूरला जाणारी सकाळी साडेसहाची एसटी मी अकरा वर्षं जवळपास दर रविवारी पकडली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मोजल्याशिवाय यांचा देवावरसुद्धा विश्वास बसत नाही, असं माझी बायको महादेवी पाहुण्यांना सांगते, आणि वर म्हणते, क्लॅरिनेटच्या बाबतीत मात्र यांनी काही मोजलं नाही. खरं आहे. काखेत त्याची पेटी घेऊन साडेतीन तास आदळत जायचं, तेही एका म्हाताऱ्याची बोलणी खायला.

म्हातारा म्हणजे सिद्धलिंग मास्तर. बाप लातूरच्या गंजगोलाई बाजारात तेलाचा व्यापारी. पोरगा सतराव्या वर्षी मुंबईला पळाला आणि हॉटेलांत जॅझ वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांच्या हाताखाली राहिला. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, बासरी. फुंकायचं जे हाती आलं ते त्यांनी वाजवलं. हॉटेलांतले बँड बंद पडले तसे लातूरला परतले आणि वरातीत वाजवायला लागले. एकदा भर चौकात चालू गाणं सोडून ते जॅझमध्ये शिरले. घोडा बिथरला आणि नवरदेव चहाच्या टपरीवर जाऊन उतरला. त्यानंतर वराती घटल्या आणि शिकवण्या वाढल्या.

मास्तरांची शिकवणी म्हणजे सवाल-जवाब. अकराच्या ठोक्याला सुरुवात. चार आवर्तनं त्यांनी वाजवायची, चार मी. मग आठ-आठ, मग सोळा. प्रत्येकाने आपला तुकडा अर्धवट, लोंबकळता सोडायचा, म्हणजे समोरच्याला तो उचलावा लागतो. शेवटचा सा घेऊन सगळं मिटवायचं ते फक्त मास्तरांनी. आणि समोरचा वाजवत असेल तोवर श्वास घ्यायचा नाही.

"श्वास घेतला की आपलंच ऐकू येतंय," ते म्हणायचे. "गप बस अन् त्याचं ऐक."

चार आवर्तनं म्हणजे दहा सेकंद. मी मोजली होती. सोळाची चाळीस व्हायची, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण सोळावर मास्तर सा घेत, आणि रत्नम्मा, त्यांची बायको, आतून चहा आणायची. सोळाच्या पुढे त्या खोलीत कोणी गेलेलं मी पाहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी एकदा एसटी चुकेल म्हणून मीच मध्ये सा घेऊन टाकला. मास्तरांनी शांतपणे पान लावलं, खाल्लं, आणि म्हणाले, "पुन्हा. पैल्यापासून न्हाई. दुपटीपासून." म्हणजे जिथे तोडलं त्याच्या दुप्पट आवर्तनांपासून. त्या दिवशी मी मुक्कामाला राहिलो. पुन्हा त्यांच्या सा ला हात लावला नाही.

दोन वर्षांपासून माझी मंजुश्रीही सोबत यायची. बारा वर्षांची पोर. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "हिचा कान तुझ्याहून लई बरा हाय, अमरनाथ. तुझा कान म्हंजी शाळंची घंटा." मला अभिमान वाटला आणि हेवाही वाटला. दोन्ही खरं सांगतो.

फेब्रुवारीत मास्तर गेले. आम्हा लिंगायतांत देह बसवून समाधी देतात. कपाळाला विभूती, तळहातावर इष्टलिंग, मान किंचित एका बाजूला. खड्ड्यात बसलेले मास्तर ऐकायला बसल्यासारखेच दिसत होते. कदाचित त्यामुळेच माझी चूक झाली. माती लोटण्याआधी रत्नम्माने वाजवायला सांगितलं. मी चार आवर्तनं वाजवली, तुकडा अर्धवट सोडला आणि सवयीने क्लॅरिनेट खाली घेऊन, श्वास रोखून उभा राहिलो. शेजारी मंजुश्रीनेही श्वास रोखला होता.

दहा सेकंद कोणी हललं नाही. मग रत्नम्मा हळूच म्हणाली, "अमरनाथ, सा न्हाई घेतलास रे?"

"सा मास्तरांचा," मी म्हणून गेलो. लाज वाटली. तोवर लोकांनी माती लोटायला सुरुवात केली होती.

पुढच्या रविवारी मी नांदेडला घरीच होतो. सकाळी अकराला मंजुश्री पोहे खाता खाता थांबली. चमचा हातात, ओठ मिटलेले, मान एका बाजूला. मला वाटलं घास अडकला. मी उठेपर्यंत, दहाएक सेकंदांनी, तिने जोरात श्वास घेतला आणि एक ओळ गुणगुणली.

ती ओळ मी समाधीपाशी सोडलेल्या तुकड्याचं उत्तर होती. शेवटाला मास्तरांचा तो वाकडा हेलकावा, जो मला अकरा वर्षांत जमला नाही. आणि ती अर्धवट सुटली होती.

"हे कुठून आणलंस?"

"मास्तरांनी आत्ता वाजवलं ना." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला नाही ऐकू आलं, आप्पा?"

मला पंख्याचा आवाज ऐकू आला होता, आणि खाली भाजीवाल्याचा.

मी पेटी कपाटावर टाकली आणि उघडलीच नाही. माझी पाळी मी चुकवली, पण त्यांची आली. पुढच्या रविवारी अकराला मंजुश्री वीस सेकंद श्वासाशिवाय बसली. त्याच्या पुढच्या रविवारी चाळीस. मी हलवलं, पाठीत थापट्या मारल्या, महादेवीने तोंडावर पाणी मारलं. तिचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ आहे, परीक्षेचा ताण असेल.

दहा, वीस, चाळीस. पुढचा आकडा मला कळत होता. ऐंशी सेकंद! शाळेत मी श्वसनसंस्था शिकवतो, फळ्यावर फुप्फुसं काढतो. त्या आठवड्यात मला ती काढवेनात.

"तुम्ही उत्तर का देत नाही?" शनिवारी मंजुश्रीने विचारलं. "मास्तर वाट बघून राहिलेत."

महादेवी म्हणाली, "पोरीला समाधीपाशी नेऊ नका."

"अकरा वाजता ती इथं असली काय अन् तिथं असली काय," मी म्हणालो. "तिथं मास्तरांकडे सा तरी मागता येईल."

रविवारी अकराला आम्ही समाधीपाशी होतो. रत्नम्माने बेलाची पानं वाहिली आणि पदर सावरून बाजूला बसली. ऊन चढलं होतं. मी बत्तीस आवर्तनं वाजवली. मास्तरांनी दिलेलं सगळं ओतलं, तुकडा लोंबकळता सोडला, आणि मोठ्याने म्हणालो, "मास्तर, सा घ्या. पोर लहान हाय."

मंजुश्रीने ओठ मिटले.

मी मोजायला लागलो. वीस. चाळीस. तिची मान एका बाजूला झुकली, चेहऱ्यावर कौतुक होतं. पन्नास. साठ. ओठ निळसर दिसायला लागले.

"घ्या की सा!"

पासष्ट. ती एका बाजूला कलली. रत्नम्माने तिला धरलं.

सत्तरला माझा धीर सुटला. क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि सा घेतला. लांब, सरळ, दम संपेपर्यंत.

मंजुश्रीने श्वास घेतला आणि हमसून हमसून रडायला लागली. मी तिला कवटाळलं. मला इतका आनंद झाला होता की मीही रडत होतो. रत्नम्मा तिच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"तू घेतलास," ती म्हणाली. एवढंच.

परतीच्या एसटीत मंजुश्री खिडकीपाशी बसली. शेंगदाणे खाल्ले, टरफलं माझ्या खिशात टाकली, मी रागावलो तर हसली. तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. महादेवीला फोन करून सांगितलं, मिटलं सगळं.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. चालकाने इंजिन बंद केलं आणि तो चहाला उतरला. मी मंजुश्रीला पेरू घेऊन दिला. अर्धा खाऊन तिने तो मांडीवर ठेवला आणि ताठ बसली.

"आप्पा, मास्तर चिडले नाहीत."

मी तिच्याकडे वळलो. "मग?"

"म्हणाले, पुन्हा. दुपटीपासून."

मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे तिने आधी पोट, मग छाती भरून श्वास घेतला आणि ओठ मिटले. ऐंशीची दुप्पट एकशे साठ. मी मनगट वर केलं. पेटी वर फळीवर होती, पण ती काढून मी काय वाजवणार होतो? सा घेतला तर पुन्हा दुप्पट.

खाली कोणी पाण्याच्या बाटल्या विकत होतं, कोणी उदगीरची गाडी विचारत होतं. त्या गलक्यातून पहिल्यांदाच मला ते ऐकू आलं. बारीक, स्वच्छ, शेवटाला तो वाकडा हेलकावा. मी घड्याळावर बोट ठेवून पहिलं आवर्तन मोजलं. मग दुसरं मोजलं.

लय नेहमीपेक्षा पुष्कळ संथ होती. मास्तरांना कसलीच घाई नव्हती.