फळा भरलेला होता

आमच्या शहरातली माणसं आठ महिने हवेच्या नावाने बोटं मोडतात आणि उरलेले चार महिने तळ्यात पडून असतात. तळं कसलं, समुद्रच म्हणायचा. पलीकडचा काठ दिसत नाही. ऊन तापू लागलं की कचेऱ्या चार वाजताच ओस पडतात, ट्राममधून खांद्यावर टॉवेल टाकलेली माणसं उतरतात, बँडवाले चौथऱ्यावर येऊन बसतात आणि आइस्क्रीमच्या गाडीपुढे चांगली टक्कल पडलेली माणसंसुद्धा पोरांसारखी ढकलाढकली करतात. यंदा नगरपालिकेने जागोजागी फलक लावले होते : 'उन्हाळा एकदाच येतो, वाया घालवू नका.' दरवर्षी येतो, हे त्यांना कोणी सांगायचं?

पोहण्याच्या घाटावर माझं काम फळ्याचं. फाटकाशी एक लाकडी फळा आहे. त्यावर दोनशे खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर नंबर घातलेला पितळी बिल्ला. पाण्यात जाणाऱ्याने बिल्ला घ्यायचा, दोरीने मनगटाला बांधायचा, बाहेर आलं की परत करायचा. संध्याकाळी सात वाजता मी खुंट्या मोजते. फळा भरलेला असला की फाटकाला कुलूप. एक जरी खुंटी रिकामी असली तर शिट्टी फुंकायची, बोटी काढायच्या, आणि माणूस सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. बिल्ले हरवतात, म्हणून प्रत्येक नंबरचा एक जादा बिल्ला टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेला असतो. इतकं साधं काम. मुद्दाम चुकवल्याशिवाय यात चूक होणार नाही.

अकरा उन्हाळ्यांपूर्वी कोणीतरी ती मुद्दाम केली, असं माझं मत होतं. माझा धाकटा भाऊ तेव्हा सोळा वर्षांचा होता. मनगटं अशी काडीसारखी की दोरी निसटायची. त्या सकाळी कामावर जाताना घाटाच्या फाटकाशी थांबून मीच त्याला त्रेसष्ट नंबरचा बिल्ला बांधून दिला होता. दोन फेऱ्या घालून, आईने शिकवलेली गाठ मारून. ही गाठ सुटत नाही, कापावी लागते. "ताई, हात तोडशील माझा," असं म्हणाला होता. तेच शेवटचं.

तिसऱ्या दिवशी तो सापडला. मनगटावर बिल्ला नव्हता. तेव्हाच्या फळेवाल्याने चौकशीत सांगितलं की सात वाजता फळा भरलेला होता, त्रेसष्टसुद्धा खुंटीवर होता. म्हणजे पोराने बिल्ला परत केला आणि नंतर कुंपण ओलांडून पुन्हा पाण्यात गेला. अहवालात लिहिलं गेलं : 'बंद झाल्यानंतर, परवानगीशिवाय.' मी त्या माणसापुढे उभी राहून विचारलं, तेव्हा मान वर न करता तो म्हणाला, "फळा भरलेला होता, बाई."

आई अहवालातल्या त्या तीन शब्दांनी खंगली. मरेपर्यंत घोकत राहिली, "माझं पोर नियम मोडणारं नव्हतं." ती असेपर्यंत तिने मला तळ्याकडे फिरकू दिलं नाही. या हिवाळ्यात ती गेली आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मी घाटावर नोकरी धरली. फळेवाला आता घाटाचा साहेब झाला होता. त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार कसा, माझं तोंड त्याने पाहिलंच कुठे होतं! मला त्याचा जीव नको होता. माझ्या भावाच्या नावावरचे ते तीन शब्द खोडून हवे होते, आणि ते त्याच्याच हाताने.

पहिल्या आठवड्यात काही घडलं नाही. साहेब पांढरी टोपी घालून काठाने फिरायचा, बायकांना छत्र्या उघडून द्यायचा, पण पाण्यात पाऊल टाकायचा नाही. आमचा जीवरक्षक उंच खुर्चीवर एक पाय दुमडून बसतो, म्हणून त्याला सगळे बगळा म्हणतात. तो म्हणाला, "ताई, मी नऊ वर्षं बघतोय. साहेबांनी घोटासुद्धा ओला केलेला नाही."

दुसऱ्या सोमवारी सात वाजता मी खुंट्या मोजल्या. एकेका खुंटीवर एकेक बिल्ला. त्रेसष्टवर दोन होते.

वरचा ओला होता. पितळ हिरवं पडलेलं, नंबराच्या खाचांत शेवाळ. मी आधी हिशेबी विचार केला : कोणाला तरी तळाशी जुना बिल्ला सापडला असेल आणि त्याने शहाणपणाने जागच्या जागी टांगला असेल. मग दोरी पाहिली. दोन फेऱ्या आणि वर ती गाठ. कापलेली नाही, सुटलेली नाही. त्या दोरीच्या वेढ्यातून माझी तीन बोटं कशीबशी जात होती. यातून हात बाहेर येणं शक्य नव्हतं.

मी तिथेच खाली बसले आणि रडले. मग तो बिल्ला रुमालात बांधून घरी नेला आणि कपाटात ठेवला.

मंगळवारी संध्याकाळी तो पुन्हा खुंटीवर होता, ओला. घरी रुमाल जसाच्या तसा बांधलेला, आत फक्त दमट डाग. बुधवारी तो सहालाच आला. गुरुवारी पाचला. दिवसभर माझी पाठ फळ्याकडे वळली नव्हती, एकदा सुटे बिल्ले उचलायला वाकले तेवढीच. आइस्क्रीमच्या गाडीची घंटा वाजत होती, बँड चालू होता, आणि फळ्याखालच्या फरशीवर टप टप पाणी पडत होतं.

शुक्रवारी मी साहेबाला बोलावलं. "त्रेसष्टवर दोन बिल्ले आहेत, साहेब."

दुसऱ्या कोणीही विचारलं असतं, हा आला कुठून? त्याने विचारलं, "ड्रॉवर उघडं होतं का?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अकरा वर्षांत झाला नव्हता एवढा झाला.

पुढचे आठ दिवस मी तो बिल्ला काढला नाही. साहेब यायचा, बघायचा, जायचा. टोपी विसरू लागला. त्याच्या खोलीतल्या टेबलावरचे कागद ओले होत होते. छपराला भोक नव्हतं. एकदा तो म्हणाला, "कोणीतरी माझी मस्करी करतंय." मी म्हटलं, "उन्हाळा आहे साहेब, लोक मजा करणारच."

नवव्या दिवशी, सात वाजायला अर्धा तास असताना, तो फळ्यापाशी आला. उन्हं अजून डोळ्यांवर येत होती. बगळा खुर्चीवरून उतरून कपडे बदलायला गेला होता, शेवटची माणसं वाळू झटकत होती.

"मला घरी जायची घाई होती," साहेब म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं. "एकच खुंटी रिकामी होती. वाटलं, पोरगं बिल्ला घेऊनच घरी गेलं असेल. नेतात पोरं. ड्रॉवरमधला काढून अडकवला." मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्याच्या कोण?"

"ती गाठ माझी आहे."

"लिहून देतो," तो म्हणाला. "अहवाल बदलायला लावतो. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"आत्ता लिहा."

"आधी हा त्याचा त्याला देऊन येतो. हा इथे असताना माझा हात चालत नाही हो. काल चार कागद घेतले, चारही भिजले."

त्याने हिरवा बिल्ला मुठीत घेतला. बिल्ल्याशिवाय कोणी पाण्यात जायचं नाही, हा नियम आता त्याचाच होता; म्हणून शेजारचा चौसष्ट उचलला आणि मनगट माझ्यापुढे धरलं. एका हाताने त्याला दोरी बांधता येईना.

मी बांधली. दोन फेऱ्या आणि गाठ.

तो चांगला पोहत होता. हद्दीच्या तरंगत्या पिवळ्या पिंपांची रांग ओलांडून पुढे गेला. तिथे त्याने मूठ उघडलेली मी पाहिली. मग तो वळला.

सात वाजले. मी मोजायला सुरुवात केली.

त्रेसष्टवर एक. चौसष्ट रिकामी.

मी पाण्याकडे पाहिलं. तो पिंपांच्या अलीकडे आला नव्हता. हात मारत होता, पण जागचा हलत नव्हता. मग एक हात सरळ वर आला. दुसरा येईना, खालून कोणी धरून ठेवावा तसा.

शिट्टी माझ्या गळ्यात होती. तो मेला तर लिहिणार कोण, हे मला कळत होतं. मी शिट्टी ओठांना लावली आणि सवयीने एकदा फळ्याकडे वळले.

चौसष्टवर बिल्ला होता.

ड्रॉवर चार बोटं उघडं होतं. ड्रॉवरच्या मुठीवर पाण्याचे ठसे होते, बारीक बोटांचे.

बगळा कपडे बदलून आला. त्याची पाठ तळ्याकडे होती. "झालं का ताई? भरला फळा?"

मी शिट्टी खिशात टाकली.

"भरला," मी म्हटलं, आणि फाटकाला कुलूप लावलं.

साहेब तिसऱ्या दिवशी सापडला. मनगटावर बिल्ला नव्हता. चौकशीला आलेला अधिकारी भला माणूस होता, मला बसायला खुर्ची दिली. मी मान वर केली नाही. फळा भरलेला होता, एवढंच सांगितलं. त्याने मान डोलावली आणि माझ्यासमोर लिहिलं : 'बंद झाल्यानंतर, परवानगीशिवाय.' माझ्या भावाचा कागद तसाच राहिला. तो बदलू शकणारा एकच माणूस होता.

घाट चार दिवस बंद ठेवला. पाचव्या दिवशी उघडला तेव्हा गर्दी दुप्पट होती. ऊन आता थोडेच दिवस राहणार होतं. सात वाजता मी खुंट्या मोजल्या. त्रेसष्टवर एकच बिल्ला होता, कोरडा.

चौसष्टवर दोन. वरच्यातून पाणी टपकत होतं, आणि माझी गाठ जशीच्या तशी होती.