पानावरचा कोंबडा

ओदाइरने काठीने कमळाचं पान उलटं केलं आणि हातातली काठी टाकून तो मागे सरला. परातीच्या चौपट मोठं ते पान, खाली सगळे काटेच काटे. त्या काट्यांत बदकाचा एक पाय अडकला होता. नुसताच पाय.

"घार पानाखालून येते का गं?" त्याने बहिणीला, लिंदाल्वाला विचारलं.

जुलैच्या सुट्टीत दोघं सांतारेम शहरातून आजीकडे आली, तेव्हापासून परसातल्या तळ्यावरची बदकं नाहीशी होत होती. अदेमीरमामा घारीला शिव्या घालत होता. पुराचं पाणी ओसरलं की तिथे प्रत्येक घरी तळं ठोकतात. नदीतून आत शिरलेलं जनावर बाहेर पळेपर्यंत लांब बांबूने सगळं पाणी ढवळतात. मामाने यंदा ते केलंच नव्हतं. बांबूने पानं फाटतात, आणि पानं बघायलाच तर पाहुण्यांची होडी येते. आजीला मात्र त्याने तळं ठोकल्याचं सांगितलं होतं.

पाहुण्यांना फोटो हवा असायचा. त्यासाठी पानावर फळी ठेवून मामा नीनाला बसवायचा. मेलेल्या मावशीची ती पाच वर्षांची मुलगी. रडली तर त्या दिवशी जेवण नाही.

मुलांनी मामाला बदकाचा पाय दाखवला. त्याने तो कुत्र्यापुढे फेकला.

"शहरात राहून पाण्याला भ्यायला शिकलात. माझी बेडकी, नीना बघा, पानावर कशी गप्प बसते. उद्या होडी येईल, तेव्हा तोंड उघडलंत तर तुम्हालाच बसवीन."

मग मुलांनी आजीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण लेक खोटं बोलेल हे तिला पटेना.

सकाळी होडीचा भोंगा वाजला. मामा पाहुण्यांना आणायला धक्क्याकडे गेला. लिंदाल्वाने मामाचा लाडका कोंबडा उचलला. रोज त्याला दाणे टाकायची नीनाच.

"त्याचे पाय का बांधता?" तिने विचारलं.

"घसरू नये म्हणून," ओदाइर म्हणाला. तिच्याकडे न बघता.

फळीवर कोंबडा ठेवून त्यांनी बांबूने पान आत ढकललं आणि आजीला हाक मारली. मामा पाहुण्यांना घेऊन पोचला, तेव्हा कोंबडा आरवत होता. मामा ओरडला. तेवढ्यात पानाच्या काठाशी पाणी फुगलं, मगरीचा काळा जबडा वर आला, आणि पान, फळी, कोंबडा सगळंच खाली गेलं. वर लाल पाणी आणि पिसं राहिली.

पाहुणे होडीकडे पळाले. मामा चिखलात गुडघे टेकून लहान मुलासारखा रडू लागला.

"कोंबड्यासाठी रडतोस," आजी म्हणाली. "हिला तिथे बसवताना तुझा डोळा ओला झाला नाही."

तिने बांबू त्याच्या हातात दिला.

"ऊठ. तळं ठोक. भीती वाटली तर पानावर बस."

मामा कमरेइतक्या पाण्यात उतरला. काठावर शेजारी जमले, पण मदतीला एकही जण उतरला नाही. आजीने ओदाइर आणि लिंदाल्वाला जवळ घेतलं. एवढी अक्कल घरातल्या मोठ्यांना नव्हती, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. शेजाऱ्यांनीही पाठ थोपटली.

नीना काठावर बसून ओली पिसं गोळा करत होती. ओदाइरने हात पुढे केला, तेव्हा तिने पाय फ्रॉकखाली ओढून घेतले.

"माझे बांधू नकोस," ती म्हणाली.