घागरीखालचा वजनकाटा

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घागर भरायची ती गेलेल्या माणसाची, जित्या माणसाची नाही. एवढं खानदेशातलं शेंबडं पोरही सांगेल. धुरपदाबाईंनी त्या सकाळी देवघरात एकच घागर भरली, सासऱ्यांची, झुलाल आबांची. धुरपदाबाईंचा मुलगा हेमराज गुजरातकडे बोटीवर कामाला गेला होता. दोन वर्षांपूर्वी वादळ झालं, बोट आली नाही, हेमराजही नाही. भाऊबंद म्हणत, आता त्याची पण भरा. धुरपदाबाई त्यांच्या अंगावर धावून जात.

"मना पोऱ्या जित्ता शे!"

हेमराजची बहीण ज्योत्स्ना अमळनेरच्या कॉलेजात फिजिक्स शिकत होती. मातीच्या भांड्यातून पाणी किती उडून जातं, हा तिचा प्रोजेक्ट. आयती घागर मिळाली म्हणून तिने खाली वजनकाटा ठेवला आणि वायर लॅपटॉपला जोडली. दर मिनिटाला वजन फाईलमध्ये जमा होणार. मग काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड टाइप करायची, की आकड्यांचा आलेख समोर हजर. आबा असते तर म्हणाले असते, "पितरले बी तोलस का वं?"

दुपारी मायलेकी दाराला कुलूप लावून निंबाखालच्या झोक्यांवर गेल्या. चारला परतल्या तेव्हा घरात ओल्या मातीचा आणि आमरसाचा वास कोंडला होता. ज्योत्स्नाने हौसेने कमांड दिली.

रेघ सकाळपासून हळूहळू उतरत होती. दोन वाजून वीस मिनिटांनी मात्र ती खाडकन खाली आली. पुढच्या मिनिटाला पुन्हा. त्याच्या पुढच्या मिनिटाला पुन्हा. दोनशे-दोनशे ग्रॅमच्या तीन पायऱ्या, म्हणजे तीन गिलास पाणी. घागरीच्या तोंडावर ठेवलेला मातीचा लहान करा जागचा हलला नव्हता, त्यावरचा आंबाही तसाच.

तिने पायऱ्या पुन्हा मोजल्या. हेमराज शेतातून आला की दारातच उभ्याने लागोपाठ तीन गिलास पाणी पिई. "बसीन पी रे!" म्हणून मायचा ओरडा त्याने हजारदा खाल्ला होता.

"काय दिसस त्यामा?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"काही नही, माय... पानी वाफ व्हयनं."

पण पोरीचा चेहरा मायला वाचता येतो. धुरपदाबाई पडद्यावरच्या तीन पायऱ्यांकडे बघत राहिल्या. मग घागरीकडे वळून, समोर कुणी उभं असावं तशा बोलल्या, "हाई घागर आबानी शे. फक्त आबानी! दुसरा कोनी हात लावाना नही."

बाहेरची झोक्यावरची गाणी एकदम ऐकू येईनाशी झाली.

ज्योत्स्नाने तीच कमांड पुन्हा दिली. का दिली, तिलाही सांगता आलं नसतं. जरा वेळाने आणखी एकदा दिली. आता रेघ वर चढली होती. दोनशे ग्रॅम, दोनशे ग्रॅम, दोनशे ग्रॅम. घेतलेलं पाणी कुणीतरी मुकाट्याने परत केलं होतं.

तिला रडूच फुटलं. तिने करा बाजूला केला. घागर काठोकाठ भरलेली. तिने बोट बुडवून जिभेला लावलं.

विहिरीचं ते गोडं पाणी खारट लागत होतं.

"माय..."

धुरपदाबाईंनी तिचा हात ओढून तेच बोट स्वतःच्या जिभेला लावलं. माळ्यावर चढून पोत्याखालून त्यांनी एक कोरी घागर काढली. ती यंदाच आणलेली होती, कुणाला न सांगता.

आबांची घागर उचलून त्यांनी ती कोरी काट्यावर ठेवली आणि विहिरीच्या पाण्याचा हंडा तिच्यात ओतायला घेतला.

"पी, पोऱ्या... बसीन पी."

हंडा अर्धा झाला, मग रिकामा झाला. घागरीखाली एक थेंब सांडला नव्हता, आणि काट्यावरचा आकडा काही केल्या वाढायचं नाव घेत नव्हता.